लोट्याची मोड आणि अन्नाचे नवे उद्योग



या मालेत संतवाङ्मय, इतिहास, नाटक असे विषय ऐकायची आपल्याला सवय आहे. एका होमिओपॅथिक डॉक्टराने उठून डिझाइन आणि स्टार्टअप यांवर बोलावे, याचे नवल वाटले असेल. कारण सांगतो. आपल्या बेळगावातली बरीच मुले-मुली आता डॉक्टर-इंजिनिअर न होता डिझाइन शिकायला अहमदाबाद, पुणे, बेंगळुरूला जातात. त्यांचे आईवडील दवाखान्यात येतात तेव्हा औषधाची पुडी घेताना हळूच विचारतात, "डॉक्टर, हे शिकून पोरगी करणार काय? फर्निचर? कपडे?" या प्रश्नाला माझे एक उत्तर आहे. तुमची पोरगी शेतातून ताटात येईपर्यंत वाया जाणारे अन्न वाचवू शकते, आणि त्याचा उद्योगही उभा करू शकते. आजचे व्याख्यान म्हणजे हे उत्तर विस्ताराने सांगणे आहे.

आधी डिझाइन म्हणजे काय ते पाहू. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर फिरून एक अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांना सर्वांत आवडला तो आपला साधा लोटा. असा लोटा आज नव्याने घडवायचा झाला तर काय काय विचारावे लागेल, याची त्यांनी यादीच केली. पाणी किती मावावे? उचलणारा हात कोणाचा आणि किती ताकदीचा? तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर? भरलेला असताना तोल कसा राहील? ओतताना धार कशी पडेल? आतून घासता येईल का? धातूचा पाण्यावर काय परिणाम होईल? किंमत किती? आणि तो मोडीत काढला तर हातात काय येईल?

हा मोडीचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आपल्या आज्या भांडे घेताना हाच प्रश्न विचारत. "मोड किती येईल?" तांब्या-पितळेचे भांडे मोडीत घातले तर नव्या भांड्याच्या किमतीतले बरेच पैसे सुटत. म्हणजे त्या भांड्याला कचरा होणे ठाऊकच नव्हते. आज आपण ज्याला शाश्वत अन्नव्यवस्था म्हणतो, तिचे अर्धे सूत्र या एका शब्दात आहे. उरलेले अर्धे म्हणजे पुढच्या पिढीच्या वाट्याची माती, पाणी आणि अन्न आजच संपवून न टाकणे.

अन्न नेमके कुठे संपते, म्हणजे वाया जाते? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात दुकाने, खानावळी आणि घरे मिळून १०५ कोटी टन अन्न टाकून दिले गेले. त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. ही झाली बाजाराच्या अलीकडची गोष्ट. बाजाराच्या पलीकडे, काढणीपासून साठवणीपर्यंत होणारे नुकसान वेगळे. आपल्या देशात नाबार्डच्या सल्लागार संस्थेने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत फळांची हानी ६ ते १५ टक्के, तर भाज्यांची सुमारे ५ ते १२ टक्के भरली. सर्वांत वर पेरू, आणि भाज्यांत टोमॅटो. बेळगावकरांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडची भाजी रोज घाट उतरून गोव्याला जाते. करंडीच्या तळाशी दबलेल्या टोमॅटोचे काय होते, ते दलालालाही माहीत आहे आणि शेतकऱ्यालाही.

एवढे अन्न वाया जाते तर यंत्रे आणा, शीतगृहे बांधा, असे वाटणे साहजिक आहे. पण यंत्र असणे आणि ते वापरात येणे यांत मोठे अंतर असते, आणि डिझायनरचे काम त्या अंतरात आहे. एक उदाहरण पाहा. दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विजेशिवाय चालणारी थंड खोली तयार झाली. विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, आणि ती वाळू दिवसातून दोनदा भिजवायची. आत उन्हाळ्यातही गारवा राहतो आणि भाजी काही दिवस जास्त टिकते. विटा, वाळू आणि पाणी एवढेच लागते. तरी गावोगावी ती किती दिसते? भर उन्हाळ्यात, पाणी दुरून आणावे लागत असताना, ती वाळू दोनदा कोण भिजवणार? शास्त्रज्ञाने भिंत दिली. भिंतीभोवतीच्या माणसाच्या दिवसाची आखणी कोणी केली नाही.

आमच्या चिकित्सापद्धतीत औषधाआधी केस घ्यावी लागते. तहान किती लागते, झोप कशी, त्रास कधी वाढतो, कशाने बरे वाटते, हे विचारत तासभर जातो. चांगला डिझायनर नेमके हेच करतो. आता अशा नीट घेतलेल्या दोन केसेस सांगतो.

पहिली दुधाची. धार काढल्यावर दूध अंगाच्या उष्णतेइतके गरम असते आणि त्यात जंतू झपाट्याने वाढतात. ते लवकर चार अंशांपर्यंत उतरवले नाही तर नासते, किंवा नासू नये म्हणून कोणीतरी त्यात सोडा टाकतो. डॉक्टर म्हणून मला दुसऱ्याची भीती जास्त वाटते. गावातल्या संकलन केंद्रावर वीज भरवशाची नसते, म्हणून डिझेलचे जनरेटर चालवतात. त्यात पैसा जातो आणि धूर होतो. सोरिन ग्रामा आणि सॅम व्हाइट या अमेरिकेतल्या दोघांनी २००७ मध्ये प्रोमिथियन पॉवर ही कंपनी काढली आणि सूर्यशक्तीवर चालणारा दूधशीतक करायला घेतला. कल्पना देखणी होती, पण यंत्र फार महाग पडू लागले. मग गावातली परिस्थिती पुन्हा पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. गावात वीज येत होती, पण दूध येण्याच्या वेळी ती असेलच असे नव्हते. मग सौरपट्ट्यांचा हट्ट सोडून त्यांनी वेगळी बॅटरी केली. वीज असेल तेव्हा ती थंडी साठवून ठेवते, जणू बर्फाचा साठाच. दूध ओतले की ते त्या थंडाव्यावरून जाऊन लगेच गार होते. वीज त्या घडीला असो वा नसो, काम अडत नाही. ही यंत्रे पुण्यात तयार होऊ लागली आणि दूध संघांनी ती गावांत बसवली. प्रश्न विजेचा नसून वेळेचा आहे, हे ओळखले तिथे अर्धे डिझाइन झाले होते.

दुसरी केस मराठवाड्यातली. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या, म्हणजे आपल्या जुन्या यूडीसीटीतल्या, काही विद्यार्थी-मित्रांनी विजेशिवाय चालणारे सौर वाळवणयंत्र तयार केले. त्यातून एस फॉर एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी निघाली. वैभव तिडके आणि निधी पंत ही तिच्या संस्थापकांपैकी दोन नावे. यंत्र चांगले होते, पण शेतकऱ्याचा प्रश्न साधा होता. वाळवलेला कांदा मी विकू कोणाला? उन्हाळी वाळवण आपल्याला नवे नाही. कुरडया, सांडगे, वाळवलेल्या गवारी घरोघरी होत. पण ते घरच्यासाठी. बाजारासाठी वाळवायचे तर माप, स्वच्छता, ओलाव्याचे प्रमाण आणि ठरलेला गिऱ्हाईक लागतो. म्हणून कंपनीने यंत्राच्या पुढची साखळी आखली. गावातल्या बायका कर्ज काढून यंत्र घेतात, बाजारात नाकारला जाणारा लहान-वाकडा पण चांगला माल शेतकऱ्यांकडून मिळतो, आणि वाळवलेला माल कंपनी स्वतः घेऊन खाद्यउद्योगांना पुरवते. २०२३ मध्ये या कामाला कचरामुक्त जगासाठीचा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. मला पुरस्कारापेक्षा यंत्र ठेवलेले ठिकाण महत्त्वाचे वाटते. ते बाईच्या अंगणात आहे. शेत, घर, मुले सांभाळून तिला ते चालवता येते. कारखाना दहा किलोमीटरवर असता तर ती गेली नसती.

पैसे कसे घ्यायचे हीही डिझाइनची बाब आहे. याचे चांगले उदाहरण नायजेरियातले आहे. टोमॅटो नासण्याचे दुखणे तिथेही आपल्यासारखेच. नेमेका इकेग्वुओनू हा मूळचा शेतकऱ्यांसाठी रेडिओ चालवणारा माणूस. त्याने बाजारांच्या आवारात सौरऊर्जेवरच्या थंड खोल्या उभ्या केल्या. त्याच्या कोल्डहब्सची खरी खुबी भाड्यात आहे. वर्गणी नाही, करार नाही. एक क्रेट, एक दिवस, इतके पैसे. भाजीवालीला संध्याकाळी उरलेल्या दोन क्रेटचा हिशोब तोंडी करता येतो. शिवाय प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये करंडीसारखा माल दबत नाही, म्हणजे खोलीत शिरण्याआधीच थोडे नुकसान टळते. आपल्या बाजारात असे काही कोणी सुरू केले तर पहिली चौकशी मी भाड्याच्या पद्धतीची करीन, यंत्राची नंतर.

आता ताटाच्या बाजूला येऊ. इथे जगाने आपल्याकडून शिकावे अशी गोष्ट आहे, मुंबईचा डबा. १८९० च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी ही सेवा सुरू केली. झाकणावरच्या रंगांत, अक्षरांत आणि आकड्यांत सारे आले. कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. फारसे न शिकलेल्या माणसालाही ते एका नजरेत कळते. वेळेवर पोचण्याचे कौतुक सगळे करतात. माझे लक्ष दुपारी जाते, तोच डबा त्याच खुणांवरून घरी परत येतो तेव्हा. डबा परत येतो म्हणून तो स्टीलचा असू शकतो. उरलेली पोळीही त्यातच परत येते, आणि घरातल्या बाईला कळते की उद्या एक कमी करायची.

आज कचेरीतला तरुण मोबाइलवरून जेवण मागवतो. जेवण अर्ध्या तासात येते, पण डबा परत जात नाही. पाच प्लॅस्टिकच्या वाट्या, दोन चमचे, चार पुड्या, सगळे टोपलीत. परतीची वाट मोडली की वस्तू स्वस्त करावीच लागते, आणि स्वस्त केली की तिची मोड येत नाही. ही परतीची वाट पुन्हा बांधण्याचे प्रयत्न होत आहेत. जर्मनीत म्युनिकच्या रिकप या कंपनीने २०१६ पासून कॉफीचे कप एक युरो अनामतीवर द्यायला सुरुवात केली. कप एका दुकानातून घ्या, दुसऱ्यात परत करा, युरो परत मिळतो. २०२३ पासून तिथल्या खाद्यविक्रेत्यांना, अगदी लहान दुकाने सोडून, पुन्हा वापरता येईल असा पर्याय ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले. आपल्याकडे २०२२ मध्ये केदारनाथच्या वाटेवर हैदराबादच्या रिसायकल कंपनीने पाण्याच्या बाटल्यांवर कोड लावून दहा रुपये अनामत घेण्याची योजना राबवली. रिकामी बाटली दिली की दहा रुपये परत. आमच्या लहानपणी सोड्याची बाटली परत दिल्याशिवाय दुकानदार सोडत नसे. तीच रीत, नव्या साधनाने. भाविक एका रात्रीत पर्यावरणवादी झाले नाहीत. बाटलीला मोड आली, म्हणून ती दरीत पडायची थांबून हातात राहू लागली.

डिझाइनचे आणखी एक लहान पण परिणामकारक क्षेत्र म्हणजे लेबल. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईवरही ती कधीपर्यंत खावी याची तारीख दाखवणे बंधनकारक झाले. आपल्या कुंद्याच्या दुकानातही ती दिसायला हवी. पण तारखांचे दोन प्रकार आहेत आणि बहुतेक घरांत ते एकच समजले जातात. एक तारीख सुरक्षिततेची असते. त्यानंतर पदार्थ खाऊ नये, आणि दुधाच्या पदार्थांबाबत मी हे बजावूनच सांगतो. दुसरी असते उत्तम चवीची. त्यानंतर बिस्किट थोडे मऊ पडेल, पण विष होणार नाही. दोन्ही तारखा त्याच बारीक काळ्या अक्षरांत छापल्या की माणूस घाबरून दोन्ही टाकतो. ब्रिटनमध्ये टेस्कोने २०१८ मध्ये अनेक फळाभाज्यांच्या पाकिटांवरची दुसऱ्या प्रकारची तारीख काढूनच टाकली, कारण काकडी बघून कळते. हे काम रंगाचे, अक्षराच्या आकाराचे आणि चार साध्या शब्दांचे आहे, आणि त्या चार शब्दांत आपली मराठीही हवी.

डेन्मार्कमधून निघालेल्या टू गुड टू गोचेही सांगतो. बेकरीत रात्री काय उरेल हे सकाळी ठरवता येत नाही, म्हणून उरलेला माल आधी विकता येत नाही. त्यांनी गिऱ्हाइकाला न पाहिलेली पिशवी कमी दरात विकायला सुरुवात केली. आत काय आहे ते घेतल्यावर कळते. दुकानदाराची अनिश्चितता गिऱ्हाइकाची गंमत झाली. सगळी अडचण तशीच ठेवून फक्त तिची मांडणी बदलली.

एवढे कौतुक केल्यावर दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. ज्या हुशारीने कोल्डहब्सचे भाडे आखले, त्याच हुशारीने दोन रुपयांची चकचकीत पुडीही आखली गेली. तीन-चार थर एकमेकांना चिकटवलेली ती पुडी पदार्थ कुरकुरीत ठेवते, गरिबाच्या खिशाला परवडते, आणि नंतर कुठल्याच कामाची राहत नाही. कचरा वेचणारी बाईसुद्धा ती उचलत नाही, कारण तिला भंगारात भाव नाही. तीही डिझाइनच आहे. म्हणून केवळ डिझायनर आला म्हणजे भले होईल असे मी म्हणणार नाही. त्याने कोणता प्रश्न हाती घेतला आणि कोणता बाहेर ठेवला, ते पाहावे लागते.

जैन धर्मात बाह्य तपांपैकी एक अवमौदर्य आहे, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे. ताटात काही उरू न देण्याचा संस्कारही आमच्या घरांत आहे. हा संयम कोणताही स्टार्टअप विकू शकत नाही, हे खरे. पण वस्तू संयमाला साथ देऊ शकते. अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांनी भोजनगृहातले ट्रे काढून टाकले. हातात मावेल तेवढेच मुले घेऊ लागली आणि उष्टे कमी झाले. कोणी उपदेश केला नाही. आपल्या लग्नांत बुफेच्या ताटांचा आकार आणि वाढपाचे डाव पाहा. परातीएवढे ताट हातात दिले की माणूस ते भरणारच. पंगतीत निदान वाढपी विचारत असे, जरी आग्रहाने त्याचे पुण्य थोडे कमी होत असले तरी.

मग तुम्ही-आम्ही काय करायचे? आपली घराणी इथे, बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. घर सोडून आलेल्यांनी स्वयंपाकघर मात्र नीट सांभाळले. वाळवण, साठवण, उरल्याचे उद्या काय करायचे, कोणते भांडे कशाला, हे ज्ञान आपल्या घरातल्या साठी-सत्तरीच्या बायकांकडे अजून आहे. डिझाइन शिकणाऱ्या पोरांना हेच हवे असते आणि ते पुस्तकात सापडत नाही. त्यांना सुट्टीत घरी बोलवा. दोन दिवस फक्त बघू द्या. आजी डब्याचे झाकण कसे उघडते, फ्रीजच्या मागच्या कप्प्यात काय विसरले जाते, कोथिंबीर कशात गुंडाळली जाते. मध्ये बोलू नका.

आणि घरातले कोणी अन्नाचा नवा उद्योग काढायला निघाले, भांडवलासाठी तुमच्याकडे आले, तर पैसे देण्याआधी काही प्रश्न विचारा. हे रोज कोण वापरणार आणि त्या माणसाचा दिवस तुम्ही जवळून पाहिला आहे का? ते कोण धुणार? रिकामे झाल्यावर ते कुठल्या वाटेने परत येणार? शेतकऱ्याला पैसे कधी मिळणार? आणि आपल्या आजीचा प्रश्न, याची मोड किती? उत्तर चटकन आले नाही तर चिडू नका. त्यांना परत पाठवा, पुन्हा केस घ्यायला सांगा. उत्तर घेऊन आले तर मात्र हात आखडू नका. पहिले गिऱ्हाईक तुम्हीच व्हा, अनामत भरा, आणि डबा धुऊन वेळेवर परत करा.